‘०१०’ म्हणजे दहा की आठ? आयपी पत्त्यांची वेगळी रूपं सॉफ्टवेअरनं कशी हाताळावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाखाशाखांमधले प्रिंटर आणि हजेरीची बायोमेट्रिक यंत्रं चालू आहेत की बंद, हे पाहणारं सॉफ्टवेअर तुमच्या टीमनं लिहिलं आहे. पत्ते शाखेतली माणसं भरतात आणि बरेच जण ते १९२.१६८.०१०.०२५ असे, शून्यं लावून तीन-तीन अंकी भरतात. त्यातले काही बिनबोभाट चालतात, काहींवर ‘असं नाव सापडलं नाही’ असा निरोप येतो, तर काही वेळा भलत्याच यंत्राची खबर मिळते. तेव्हा पत्ता वाचणारा पार्सर, म्हणजे मजकुराचा अर्थ लावणारा भाग, सैल ठेवावा की कडक?

कडक ठेवा. पण तेवढ्यानं भागणार नाही. तुमच्याकडे एकच पत्ता दोन वाचक दोन तऱ्हांनी वाचताहेत, आणि आधी ते थांबवायला हवं.

एक खुलासा करतो. या उत्तरात मी पत्ते देवनागरी अंकांत आणि षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीतली अक्षरंही देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर करून बघताना अर्थातच इंग्रजी अंक-अक्षरं टंका. देवनागरी अंकांचा स्वतःचाही एक प्रश्न आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुमच्या तिन्ही लक्षणांचं कारण एकच आहे. लिनक्सवर ‘पिंग’ला, म्हणजे यंत्र उत्तर देतंय का हे पाहणाऱ्या आदेशाला, ०१० दिलं की पुढचं शून्य पाहून ते आकडा अष्टमान, म्हणजे आठाच्या पायाचा, धरतं; ०१० म्हणजे आठ. ०२५ म्हणजे एकवीस. तुमच्या डेटाबेसात १९२.१६८.१०.२५ च्या समजुतीनं बसलेला पत्ता प्रत्यक्षात १९२.१६८.८.२१ कडे जातो. तिथे दुसऱ्या शाखेचा प्रिंटर असेल तर तो इमानेइतबारे उत्तर देतो आणि तुमच्या पडद्यावर हिरवा दिवा लागतो. ००९ किंवा ०१८ मध्ये मात्र आठ-नऊ हे अंक अष्टमानात बसतच नाहीत. मग पिंग त्या मजकुराला पत्ता न मानता यंत्राचं नाव मानतं आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसला विचारतं. म्हणून ‘नाव सापडलं नाही’. आणि १९२.१६८.००१.२०१ चालतो, कारण ००१ दोन्ही पद्धतींत एकच आहे आणि २०१ ला पुढं शून्य नाही. चाचणीला आपण नेमका असा साधा पत्ता घेतो, त्यामुळे हा दोष महिनोन् महिने झाकला जातो.

भरणाऱ्यांना दोष देऊ नका. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर, बायोमेट्रिक यंत्रावर, कारखान्यातल्या कंट्रोलरवर पत्ता बहुतेक वेळा तीन-तीन अंकी खान्यांत दिसतो, आणि समोर दिसलं तेच माणूस उतरवून घेतो. एक्सेलमध्ये पत्ते ओळीनं लागावेत म्हणूनही लोक शून्यं भरतात. या पद्धतीला जुना आधार आहे. १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी नेटवर्क क्रमांकांची जी अधिकृत यादी काढली, आरएफसी ७९० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका), तिच्यात सगळे क्रमांक तीन अंकी लिहिले होते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटचा क्रमांक तिथे ०१० असा आहे आणि त्याचा अर्थ दहाच.

दुसरं वाचन आलं बर्कली विद्यापीठाकडून. त्यांच्या बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या १९८३ च्या ४.२ आवृत्तीत मजकुराचा पत्ता करून देणारं फंक्शन आलं. त्यानं आकडे सी भाषेच्या रीतीनं वाचायचं ठरवलं: पुढे शून्य असेल तर अष्टमान, ‘०एक्स’ असेल तर षोडशमान. चार भागांची सक्तीही त्यानं ठेवली नाही. दोन भाग दिले तर दुसरा २४ बिटांचा, तीन दिले तर शेवटचा १६ बिटांचा, आणि एकच दिला तर तो अख्खा ३२ बिटांचा आकडा. तेव्हा नेटवर्कं अ, ब, क अशा वर्गांत विभागलेली होती, त्यामुळे ‘नेटवर्क.यंत्र’ असं दोन तुकड्यांत लिहिणं सोयीचं होतं. ते वर्ग १९९३ च्या सुमारास मागे पडले, लिहिण्याची ही रीत मात्र सिस्टिम लायब्ररींत राहिली. आजही १२७.१ म्हणजे १२७.०.०.१. २१३०७०६४३३ हा सलग आकडाही तोच पत्ता. १९२.१६८.२५७ म्हणजे १९२.१६८.१.१. आणि ‘पिंग १.१’ केलंत तर ते १.०.०.१ कडे जातं.

यातलं कुठलंच वाचन ‘चूक’ म्हणून खोडता येत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. आयपीच्या १९८१ च्या मूळ दस्तऐवजात ३२ बिटांचा पत्ता आहे, पण तो मजकुरात कसा लिहावा याचं व्याकरण नाही. पुढे यूआरएलच्या २००५ सालच्या आरएफसी ३९८६ नं पुढच्या शून्यांना व्याकरणातून वगळलं, आणि अशा दुर्मिळ रूपांपासून सावध करणारा वेगळा भागही त्यात घातला. ब्राउझर ज्या यूआरएल प्रमाणावर चालतात ते मात्र आजही अष्टमान, षोडशमान आणि आखूड रूपं स्वीकारतं आणि लगेच चार भागांच्या साध्या रूपात बदलून टाकतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा ‘सीआयडीआर’ प्रकार तर तिसरीच गोष्ट करतो. त्याला १०.१.२ दिलं तर तो १०.१.२.०/२४ हे अख्खं नेटवर्क समजतो, आणि बर्कलीच्या रीतीनं तेच १०.१.०.२ हे एक यंत्र होतं. फायरवॉलच्या नियमात हा फरक पडला तर एका यंत्राऐवजी २५६ पत्त्यांना वाट मोकळी होते.

हिरवा दिवा चुकीचा लागणं हा या दोषाचा सौम्य परिणाम म्हणायचा. २०२१ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या ‘नेटमास्क’ या पॅकेजातला दोष जाहीर झाला तेव्हा याची गंभीर बाजू सगळ्यांसमोर आली. ते पॅकेज पुढचं शून्य गाळून आकडा दशमान वाचायचं. समजा, तुमचा सर्व्हर बाहेरच्या माणसानं दिलेल्या पत्त्यावरून काही आणून देतो, आणि ‘अंतर्गत पत्ते चालणार नाहीत’ अशी तपासणी या पॅकेजकडे आहे. कुणी ०१७७.०.०.१ दिलं. तपासणीला दिसलं १७७.०.०.१, बाहेरचा साधा पत्ता, जाऊ दिलं. जोडणी करणाऱ्या सिस्टिम लायब्ररीनं ते अष्टमान वाचलं आणि जोडणी थेट १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या पोटात पोचली. तसंच ०१२.०.०.१ तपासणीत १२.०.०.१ दिसतं आणि प्रत्यक्षात १०.०.०.१ गाठतं. क्लाउडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तर याची खरीखुरी भीती बाळगायला हवी, कारण १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर अनेक क्लाउडमध्ये त्या यंत्राची ओळखपत्रं मिळतात, आणि तो पत्ता २८५२०३९१६६ असा सलगही लिहिता येतो.

त्याच वर्षी पायथन, गो आणि रस्ट या तिन्ही भाषांच्या मूळ लायब्ररींत हाच दोष निघाला. पायथनची कथा मला विशेष बोधप्रद वाटते. त्यांच्या आयपी पत्त्याच्या मॉड्यूलमध्ये संदिग्ध शून्यं नाकारण्याची अट आधी होती, ती ३.८ मध्ये सैल केली आणि ३.९.५ मध्ये पुन्हा कडक करावी लागली. गोनं १.१७ पासून पुढची शून्यं नाकारायला सुरुवात केली, रस्टनं १.५३ पासून. तिघांनीही अष्टमान वाचायला सुरुवात केली नाही हे ध्यानात घ्या. दोन अर्थ निघतात तर एकही घ्यायचा नाही, असं तिघांनी ठरवलं. मी कडकपणाच्या बाजूनं उभा आहे तो याच कारणासाठी. दशमान वाचलंत तर सिस्टिम लायब्ररीशी बेबनाव, अष्टमान वाचलंत तर प्रिंटरच्या पडद्याशी बेबनाव.

आता तुमच्या सॉफ्टवेअरची रचना. मजकूर आत आला की पहिल्याच उंबरठ्यावर त्याचे चार किंवा सोळा बाइट करा. त्यानंतर मूळ मजकुराला कुणीही हात लावायचा नाही. तपासणी त्या बाइटांवर, तुलना त्या बाइटांवर, डेटाबेसात तेच बाइट, आणि जोडणीसाठी सॉकेट उघडतानाही तेच. लॉगमध्ये किंवा पडद्यावर दाखवायचं तेव्हा बाइटांपासून नव्यानं मजकूर बनवा. तुम्ही बाहेरचा ‘पिंग’ आदेश चालवत असाल, आणि लक्षणांवरून तसंच दिसतंय, तर त्यालाही वापरणाऱ्यानं भरलेला मजकूर न देता बाइटांपासून बनवलेला साधा मजकूर द्या. एवढं केलं तरी तुमच्याकडचा मोठा गोंधळ मिटेल.

बऱ्याच ठिकाणी मला याच्या उलट चित्र दिसतं. फॉर्मवर एक रेगेक्स (मजकूर जुळवून पाहायचा साचा), मधल्या सेवेत दुसरी लायब्ररी, शेवटी सिस्टिमचं फंक्शन. तिघंही तोच मजकूर आपापल्या परीनं वाचतात. पत्त्यासाठी रेगेक्स लिहूच नका असं मी नव्या मुलांना आग्रहानं सांगतो. लायब्ररी घ्या, पण कोणतं फंक्शन घेतोय ते बघून. सी मध्ये जुनं ‘आयनेट_एटॉन’ सैल आहे, ‘आयनेट_पीटॉन’ कडक. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीत ‘आयनेट_पीटॉन’ पुढची शून्यं नाकारतं. जुन्या फंक्शनची आणखी एक खोड अशी की जीलिबसीत ते पत्त्यानंतर मोकळी जागा आणि तिच्यापुढे वाटेल तो मजकूर आला तरी पत्ता मान्य करतं. नावावरून पत्ता शोधणारं फंक्शनही याच्यावर विसंबून होतं, आणि ते २०१९ च्या २.२९ आवृत्तीत दुरुस्त झालं. जावात २२ व्या आवृत्तीपासून साधा पत्ता वाचायला एक मेथड आणि बर्कली रीतीचा वाचायला वेगळी मेथड आहे. हा फार चांगला निर्णय आहे, कारण सैल वाचन हवं असणाऱ्याला ते नाव घेऊन मागावं लागतं.

‘स्वीकारताना उदार राहा’ हे पोस्टेल यांचंच तत्त्व नाही का, असं कुणीतरी म्हणेल. आहे, १९८० पासूनचं. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात निरनिराळ्या यंत्रांनी एकमेकांशी बोलू लागावं यासाठी ते मोलाचं होतं. पण उदारपणातून आलेलं प्रत्येक खास वाचन कुणीतरी गृहीत धरतं आणि मग ते काढता येत नाही. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये या तत्त्वाच्या दुष्परिणामांची सविस्तर चर्चा आहे, आणि तिच्याशी मी पूर्ण सहमत आहे. सैल वाचनाला माझ्या मते एकच जागा उरते: माणूस स्वतः टर्मिनलवर बसून स्वतःच्या कामासाठी आदेश देतोय आणि समोर लगेच उत्तर पाहतोय तिथे. मीही रोज ‘पिंग १२७.१’ करतो. पिंग पहिल्याच ओळीत पूर्ण पत्ता दाखवतं, त्यामुळे चूक झाली तरी ती डोळ्यांसमोर असते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आज भरलेला पत्ता सहा महिन्यांनी रात्री तीन वाजता वापरला जाणार आहे. तिथे पाहायला कुणी नाही.

आयपीव्ही६ बद्दल, म्हणजे सोळा बाइटांच्या नव्या पत्त्यांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही (आतापर्यंत पाहिलेले चार बाइटांचे पत्ते ते आयपीव्ही४). पण भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर ते आता रोजचं झालं आहे, आणि शाखा मोबाइल डोंगलवर असतील तर तुम्हालाही ते लागणारच. तिथे संदिग्धता कमी आहे, पण एकाच पत्त्याची रूपं खूप. २००१:डीबी८:०:०:०:०:०:१ आणि २००१:डीबी८::१ एकच; अक्षरं मोठी लिहिली काय, लहान लिहिली काय, पत्ता तोच. लिहिण्याचं एक ठरलेलं रूप २०१० च्या आरएफसी ५९५२ मध्ये दिलेलं आहे: लहान अक्षरं, पुढची शून्यं गाळायची, शून्यांची सर्वांत लांब रांग दुहेरी विसर्गानं दाखवायची. बाहेर दाखवताना तेच वापरा. वाचताना मात्र सगळी वैध रूपं घ्या, कारण इथे प्रत्येक रूपाचा अर्थ एकच निघतो. कडकपणा म्हणजे फटकून वागणं नव्हे; जिथे दोन अर्थ निघतात तिथेच नकार.

आयपीव्ही६ मध्ये घात करतो तो आत दडलेला जुना पत्ता. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे एका रात्री आम्ही सर्व्हर दोन्ही आयपी ऐकणाऱ्या सॉकेटवर आणला आणि अंतर्गत देखरेखीची सगळी यंत्रं एकदम नाकारली जाऊ लागली. अशा सॉकेटवर १०.१.२.३ हून आलेली जोडणी ::एफएफएफएफ:१०.१.२.३ अशी दिसते, आणि आमच्या परवानगीच्या यादीची तपासणी ‘मजकूर १०. नं सुरू होतो का’ अशी लिहिलेली होती. घाईत एकानं पुढचा तुकडा मजकुरातून कापायची दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी एका कॉन्फिग फाइलमध्ये तोच पत्ता ::एफएफएफएफ:ए०१:२०३ असा, सगळा षोडशमानात निघाला आणि ती दुरुस्ती लंगडी पडली. मजकुराच्या कापाकापीनं हे कधीच संपत नाही. बाइट तपासायचे, पहिले दहा बाइट शून्य आणि पुढचे दोन पूर्ण भरलेले असतील तर शेवटचे चार काढून त्यांना आयपीव्ही४ म्हणून वागवायचं. गोच्या ‘नेटआयपी’ पॅकेजात यासाठी तयार मेथड आहे. अंतर्गत पत्ते अडवायचे असतील तर ६४:एफएफ९बी::/९६ हा आयपीव्ही६ मधून आयपीव्ही४ कडे नेणाऱ्या भाषांतराचा उपसर्गही उलगडून बघा, त्याच्याही पोटात आयपीव्ही४ असतो.

लिंक-लोकल पत्त्याला, म्हणजे फक्त जवळच्या नेटवर्कपुरत्या पत्त्याला, कधीकधी शेपूट असतं, एफई८०::१%इथ० असं. ते शेपूट त्या एका यंत्रापुरतं खरं. ते मध्यवर्ती डेटाबेसात साठवू नका, कारण दुसऱ्या यंत्रावर ‘इथ०’ म्हणजे वेगळंच कार्ड असेल. आणि तुमचा कॉलम १५ अक्षरांचा असेल तर आत्ताच बदला. आयपीव्ही६ चा मजकूर ४५ अक्षरांपर्यंत जातो. पोस्टग्रेस असेल तर सरळ ‘आयनेट’ प्रकार घ्या.

आता देवनागरी अंक. तुमच्या शाखांतली माणसं मराठी कीबोर्डवर टंकत असतील तर १९२ हे खरोखरच देवनागरीत येईल. पायथनचं ‘इंट’ आणि जावाचं ‘पार्स-इंट’ देवनागरी अंक आनंदानं स्वीकारतात. पायथन आणि डॉटनेटच्या रेगेक्समधली ‘कुठलाही अंक’ ही खूणही त्यांना जुळते. जावास्क्रिप्ट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत देवनागरी १२७.०.०.१ टाकलंत तर तो त्याला डोमेनचं नाव समजतो, पण तेच जपानी टंकनात येणारे रुंद अंक टाकलेत तर साध्या अंकांत बदलून खरोखर १२७.०.०.१ उघडतो. पुन्हा तेच: एक मजकूर, वाचणारे अनेक.

इथे मी सरसकट नकार सुचवणार नाही. देवनागरी ७ चा इंग्रजी ७ करताना काही अंदाज बांधावा लागत नाही. अर्थ एकच आहे. म्हणून फॉर्मच्या खान्यातच, टंकताना, अंक इंग्रजी करून वापरणाऱ्याला दिसतील असे दाखवा. व्हॉट्सॲपवरून चिकटवताना सोबत येणाऱ्या मोकळ्या जागा आणि न दिसणारी चिन्हंही तिथेच काढा. पार्सरला मात्र फक्त इंग्रजी अंक माहीत असू द्या. आपल्या भाषेच्या माणसाला आपल्या अंकांत लिहिता यावं हे मला मनापासून हवं आहे, आणि ते काम पडद्याचं आहे.

नकार देताना निरोप कसा द्यायचा यावर थोडा वेळ खर्च करा. ‘अवैध आयपी’ एवढंच लिहिलंत तर प्रिंटरच्या पडद्यावरून जसंच्या तसं उतरवून घेणारा गोंधळेल; त्यानं तर बरोबरच लिहिलंय. ‘०१० मधलं पुढचं शून्य काढून लिहा, जसं १९२.१६८.१०.२५’ असं सांगा. सुचवा, पण आपोआप बदलू नका. बटण त्याला दाबू द्या.

राहिल्या डेटाबेसात आधीच बसलेल्या ओळी. सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसपुढे हाच प्रश्न आला होता. गो १.१७ कडक झालं तेव्हा साठवलेल्या जुन्या कॉन्फिग मोडू नयेत म्हणून त्यांनी जुना सैल पार्सर वेगळ्या नावानं जपून ठेवला, आणि त्या नावातच ‘स्लॉपी’ (गबाळा) हा शब्द घातला. तुम्हाला इतकं करावं लागणार नाही, कारण तुमच्या ओळींची चाळणी लावता येते. पुढं शून्य असलेले तीन अंकी भाग ००० ते ०९९ असे शंभरच. त्यातले ००० ते ००७ हे आठ दोन्ही रीतींत सारखे, ते बेधडक सरळ करा. ज्यांत आठ किंवा नऊ आहे असे ३६ अष्टमान असूच शकत नाहीत, म्हणजे ते दशमान. आणि अशा ओळीतले बाकीचे भागही त्याच माणसानं त्याच रीतीनं लिहिलेले असणार, तेव्हा अख्खी ओळ दशमान धरा. उरले ५६, म्हणजे ०१० ते ०७७ मधले आठ-नऊ नसलेले. शून्य लावलेला भाग फक्त यांतलाच आहे अशा ओळी वेगळ्या काढा. त्या ओळींतही बहुतेक जणांना दशमानच म्हणायचं असेल, पण एखाद्यानं पिंग चालतंय असं बघून अष्टमानात जुळवलेलाही असू शकतो. त्या शाखांना फोन करा, यंत्राचा अनुक्रमांक वाचून घ्या, आणि दोन्ही पत्त्यांपैकी ज्या पत्त्यावरचं यंत्र तोच अनुक्रमांक सांगेल तो साठवा. जोवर जुळत नाही तोवर त्या ओळीपुढे हिरवा किंवा लाल दिवा न दाखवता ‘पत्ता तपासायचा आहे’ एवढंच दाखवा.